चपला दाराबाहेर ठेवू नका: ऑस्ट्रेलियाच्या उष्ण भागात साप, मगरी आणि जेलीफिशच्या शेजारात राहताना

आई पहिल्यांदा आमच्याकडे राहायला आली, तेव्हा तिने दुसऱ्याच दिवशी आपले चालायचे बूट नेहमीच्या सवयीने दाराबाहेर काढून ठेवले. सकाळी ती फिरायला निघाली आणि मी बूट हातात घेऊन फरशीवर उलटा आपटला. आतून वाटाण्याएवढी काळी कोळीण पडली. पाठीवर लाल पट्टा, आणि बुटाच्या टोकापासून निघालेला चिवट, विस्कटलेला धागा अजून तिच्या पायाला चिकटलेला. तिला इथे रेडबॅक म्हणतात. आईचा पाय त्या बुटात जायला दहा सेकंदं उरली होती.

उत्तर क्वीन्सलंडमध्ये राहून मला नऊ वर्षं झाली. नव्याने येणारी मराठी कुटुंबं मला पहिला प्रश्न विचारतात तो इथल्या प्राण्यांचा. माझं उत्तर ठरलेलं आहे: प्राण्यांपेक्षा आपल्या सवयींकडे बघा. बूट बाहेर काढणं, अनवाणी बागेत जाणं, नदी दिसली की पाय धुवायला उतरणं, साप दिसला की काठी शोधणं, चावला तर वर दोरी आवळणं, दारात आलेल्या जीवाला काहीतरी खायला घालणं. यातल्या काही सवयी संस्काराच्या आहेत, काही भीतीच्या. इथे त्यातली प्रत्येक सवय धोक्याची आहे आणि प्रत्येकीला सोपा पर्याय आहे.

आधी भीती थोडी मापात आणू. ऑस्ट्रेलियात सर्पदंशाने वर्षाला सरासरी दोनेक माणसं दगावतात. भारतात २००० ते २०१९ या काळात हाच आकडा वर्षाला सरासरी ५८ हजार होता असा संशोधकांचा अंदाज आहे. इथले साप कमी विषारी नाहीत, उलट जगातले सर्वांत जहाल साप इथलेच. पण इथे शेतात अनवाणी राबणारे हात-पाय कमी आहेत, योग्य पट्टी बांधता येणारी माणसं जास्त आहेत आणि प्रतिविष असलेलं रुग्णालय गाठता येतं. म्हणजे वाचवणाऱ्या गोष्टी शिकता येण्यासारख्या आहेत.

पहिल्याच दिवशी: फ्रिजवरचा कागद

सामान उघडायच्या आधी एक कागद लिहून फ्रिजवर लावा. वर मोठ्या अक्षरात आणीबाणीचा नंबर: ०००. मोबाइलवरून ११२ ही चालतो. खाली घराचा पूर्ण पत्ता आणि जवळचा चौक. त्याखाली विषबाधा माहिती केंद्राचा नंबर, १३ ११ २६. हा देशभर चोवीस तास चालतो. कोळी चावला, मुलाने बागेतलं काही तोंडात घातलं, जीवावरचं वाटत नाही पण खात्रीही नाही, अशा वेळी इथे विचारायचं.

आई-वडील किंवा सासू-सासरे दिवसभर घरी एकटे असतील आणि त्यांना इंग्रजी जमत नसेल, तर त्यांना दोनच शब्द पाठ करून द्या: ‘अ‍ॅम्ब्युलन्स’ आणि ‘मराठी’. ००० लावल्यावर आधी कुठली सेवा हवी ते विचारतात. तिथे पहिला शब्द बोलायचा, मग दुसरा. दुभाषा जोडून देतात. मधे थोडा वेळ शांतता असते, तेव्हा घाबरून फोन ठेवायचा नाही. आईकडून मी हे फोन न लावता पाच-सहा वेळा म्हणवून घेतलं होतं. पहिल्यांदा ती हसली, नंतर तिला बरं वाटलं.

मोबाइलवर ‘इमर्जन्सी प्लस’ हे सरकारी ॲप घ्या. माळरानात किंवा समुद्रकाठी पत्ता सांगता येत नाही, तेव्हा ते तुमचं नेमकं ठिकाण स्क्रीनवर दाखवतं आणि तुम्ही ते वाचून दाखवायचं.

आणि खर्चाचं आजच बघून ठेवा. मेडिकेअर या इथल्या सरकारी आरोग्य योजनेत अ‍ॅम्ब्युलन्सचा खर्च येत नाही. क्वीन्सलंडच्या रहिवाशांचा खर्च राज्य सरकार उचलतं, पण बऱ्याच राज्यांत बिल तुमच्या नावावर येतं. विद्यार्थ्यांनी आपली आरोग्य पॉलिसी आणि पाहुण्या आई-वडिलांनी प्रवासविमा उघडून त्यात अ‍ॅम्ब्युलन्स आहे का ते वाचावं. पैशांच्या धास्तीने फोन लावायला झालेला उशीर महागात पडतो.

पहिला आठवडा: घर आणि अंगण

चपला-बुटांचं कपाट घराच्या आत घ्या. बाहेर राहिलेला कुठलाही बूट, सायकलचं हेल्मेट, बागेचे हातमोजे किंवा मुलांची खेळणी वापरण्याआधी उलटी करून आपटायची. कपडे वाळत घातलेल्या दोरीवरून काढताना झटकायचे. पत्रपेटीत न बघता हात घालायचा नाही. प्लास्टिकच्या खुर्चीची खालची कड बोटांनी धरून उचलायची नाही, कारण रेडबॅकला तीच जागा आवडते: कोरडी, अंधारी आणि कुणी न हलवलेली.

सापांसाठी अंगण स्वच्छ ठेवणं हाच उपाय. गवत कापलेलं असावं. पत्रे, विटा, लाकडांचे ढीग भिंतीला लागून नकोत. गॅरेजच्या दाराखालची फट रबरी पट्टीने बुजवा आणि जाळीचं दार कायम लावलेलं असू द्या. आपल्यातल्या बऱ्याच जणांना पाखरांना तांदूळ-ज्वारी टाकायची सवय असते. त्या दाण्यांवर रात्री उंदीर येतात आणि उंदरांमागे साप येतो. कोंबड्या पाळल्या असतील तर त्यांचं खाणंही झाकणाच्या डब्यातच ठेवा.

अंधार पडल्यावर बागेत जायचं तर बूट आणि बॅटरी दोन्ही हवेत. फोडणीला कढीपत्ता हवा म्हणून स्लिपरवर दोन पावलं जाऊन येण्याचा मोह मलाही होतो. म्हणून मी कढीपत्त्याची कुंडीच स्वयंपाकघराच्या दाराशी, दिव्याखाली आणून ठेवली.

साप दिसला तर

थांबायचं. मग त्याच्यावर नजर ठेवून हळूहळू मागे सरकायचं. बहुतेक वेळा तो स्वतःच निघून जातो. उघड्यावर दिसलेल्या सापाला वाट मोकळी ठेवली की काम झालं.

घरात शिरला असेल तर मुलं आणि कुत्रा-मांजर दुसऱ्या खोलीत न्या, साप असलेल्या खोलीचं दार लावा आणि दाराखाली टॉवेलची गुंडाळी खोचा. मग परवाना असलेल्या सर्पमित्राला बोलवा. इथे हे लोक शुल्क घेतात, आणि ते वाजवी असतं. आपल्या भागातल्या दोघांचे नंबर आधीच फ्रिजवरच्या कागदावर लिहून ठेवा. काठी मात्र उचलू नका. एक तर इथले साप कायद्याने संरक्षित आहेत. दुसरं असं की सापाला मारायला किंवा पकडायला गेल्यामुळेच पुष्कळ माणसांना दंश होतो. आणि छपरात अजगर निघाला, कार्पेट पायथन, तर तो विषारी नसतो. उत्तरेतल्या अनेक घरांच्या माळ्यावर तो उंदीर खात नांदत असतो.

रंगावरून साप ओळखायचा खटाटोप करू नका. ‘ईस्टर्न ब्राउन’ या नावाचा साप तपकिरी असतोच असं नाही, करडा, काळपट, फिकट असाही असतो. पिल्लांच्या अंगावर तर कधी पट्टेही असतात. आणि या देशात सर्पदंशाने होणाऱ्या मृत्यूंत सर्वांत मोठा वाटा याच सापाचा आहे.

साप चावला तर: इथली पट्टी

या भागावर मी जरा जास्त थांबणार आहे, कारण आपल्याकडून चूक इथेच होते.

महाराष्ट्रात आपण घोणस आणि फुरशाच्या दंशाबद्दल ऐकलेलं असतं: आग होते, पाय सुजतो, काळानिळा पडतो. त्यामुळे सूज नाही म्हणजे विष नाही असं डोक्यात बसलेलं असतं. इथले जमिनीवरचे विषारी साप नाग-मण्यारीच्या कुळातले आहेत. ईस्टर्न ब्राउनचे दात लहान असतात. दंशाच्या जागी कधी फक्त बारीक ओरखडा दिसतो, दुखतही नाही. माणूस अचानक कोसळतो, दोन-चार मिनिटांत उठून बसतो आणि ‘मी ठीक आहे’ म्हणतो. तो ठीक नसतो. साप चावल्याची नुसती शंका आली तरी पुढचं सगळं करायचं.

एक. सापापासून दूर व्हा आणि चावलेल्या माणसाला आहे तिथेच बसवा किंवा झोपवा. एक पाऊलही चालू देऊ नका. विष मुख्यतः लसिकावाहिन्यांतून पसरतं आणि स्नायू हलले की त्याला गती मिळते.

दोन. ००० ला फोन. दुसरं कुणी असेल तर एकाने फोन लावायचा आणि दुसऱ्याने लगेच पट्टी घ्यायची.

तीन. जखम धुवायची नाही, पुसायची नाही, चिरायची नाही, चोखायची नाही. त्वचेवर राहिलेल्या विषाच्या अंशावरून रुग्णालयात कुठल्या सापाचं विष आहे याची तपासणी करता येते. पँट काढायच्या भानगडीतही पडू नका, पट्टी कपड्यांवरूनच बांधायची.

चार. १० ते १५ सेंटीमीटर रुंदीची, ताणली जाणारी जाड पट्टी घ्या. आधी दंशाच्या जागेवर घट्ट वेढे द्या. मग दुसरी पट्टी पायाच्या किंवा हाताच्या बोटांपासून सुरू करून वर, जांघेपर्यंत किंवा काखेपर्यंत, पूर्ण अवयवावर गुंडाळत न्या. मुरगळलेल्या घोट्याला बांधतो तितकी घट्ट. बोटांची टोकं उघडी ठेवा. ती निळी पडली तर पट्टी फार आवळली गेली आहे.

पाच. अवयवाला फळी, काठी, गुंडाळलेलं वर्तमानपत्र, जे मिळेल ते लावून सांध्यासकट बांधा. पट्टीवर पेनाने दंशाची जागा आणि वेळ लिहा.

सहा. रुग्णालयात डॉक्टर सांगेपर्यंत पट्टी सोडायची नाही. बरं वाटतंय म्हणून अ‍ॅम्ब्युलन्स यायच्या आधी सैलही करायची नाही.

दोरी, रुमाल किंवा पट्टा आवळून रक्तप्रवाह तोडणं हा प्रकार इथे अजिबात नाही. दाबपट्टीची ही पद्धत १९७० च्या दशकाच्या अखेरीस स्ट्रुअन सदरलँड यांनी ऑस्ट्रेलियात विकसित केली आणि तेव्हापासून प्रथमोपचाराच्या प्रत्येक वर्गात ती शिकवतात. औषधांच्या दुकानांत सर्पदंशासाठीची खास पट्टी मिळते. तिच्यावर आयत छापलेले असतात आणि योग्य ताण बसला की आयताचा चौरस होतो. आम्ही दर सहा महिन्यांनी टीव्हीसमोर बसून ती लेकीच्या पायाला बांधतो. पहिल्या वेळी माझे आयत आयतच राहिले. मला घट्ट वाटलेली पट्टी प्रत्यक्षात ढिली होती. घरात एक जोड, गाडीत एक जोड आणि लांब फिरायला जाताना पाठपिशवीत एक जोड, इतक्या हव्यातच.

कोळी: कुठल्याला पट्टी, कुठल्याला बर्फ

रेडबॅक चावली तर पट्टी बांधायची नाही. तिचं विष हळू पसरतं आणि दाब दिल्याने वेदना वाढते. कपड्यात गुंडाळलेला बर्फ लावायचा आणि १३ ११ २६ ला विचारायचं. वेदना वर चढत गेली, घाम सुटला, मळमळ होऊ लागली किंवा चावलेलं माणूस लहान मूल असेल तर रुग्णालय गाठायचं.

सिडनी आणि आसपास राहणाऱ्यांनी फनेल-वेब ओळखून ठेवावा: काळा, तकतकीत, डिवचल्यावर पुढचे पाय उगारणारा. उन्हाळ्याच्या महिन्यांत याचे नर मादीच्या शोधात भटकतात आणि घरात, बुटात, पोहण्याच्या तलावात सापडतात. पाण्यात बुडालेला दिसला तरी मेलेला समजून हातात घेऊ नका, तो बराच काळ जिवंत राहतो. हा चावला तर सापासारखीच पूर्ण पट्टी आणि ०००. याचं प्रतिविष १९८१ साली आलं आणि तेव्हापासून याच्या दंशाने एकही मृत्यू झालेला नाही.

भिंतीवर तळहाताएवढा चपटा, केसाळ कोळी दिसला तर तो हंट्समन. दिसायला भयंकर, पण माणसाला त्याच्यापासून जवळजवळ धोका नाही. धोका एकाच ठिकाणी: गाडी चालवताना तो काचेवर आला आणि तुम्ही दचकून स्टिअरिंग फिरवलंत तर. म्हणून गाडीच्या काचा उघड्या ठेवून जाऊ नका.

पाण्याचा काठ: मगर

क्वीन्सलंडच्या पूर्व किनाऱ्यावर ग्लॅडस्टोनजवळच्या बॉइन नदीपासून उत्तरेला, संपूर्ण नॉर्दर्न टेरिटरीच्या किनारपट्टीवर आणि वेस्टर्न ऑस्ट्रेलियाच्या किंबर्लीत खाऱ्या पाण्यातली मगर राहते. नाव खाऱ्या पाण्याचं असलं तरी ती नदीत, ओढ्यात, समुद्रापासून कित्येक किलोमीटर आत गोड्या पाण्याच्या डोहातही असते. नर सहा मीटरपर्यंत वाढू शकतो आणि गुडघाभर पाण्यातही दिसत नाही. नॉर्दर्न टेरिटरीत १९७१ मध्ये शिकारबंदी आली तेव्हा तिथे अंदाजे तीन हजार मगरी उरल्या होत्या. आज त्या लाखाच्या घरात आहेत. म्हणजे ‘पूर्वी लोक इथे पोहायचे’ हे ऐकीव वाक्य आज उपयोगाचं नाही.

नियम मोजके आहेत आणि त्यांत सूट नाही. काठापासून किमान ५ मीटर लांब. तंबू पाण्यापासून ५० मीटरवर. मासे साफ केल्यावर घाण काठावर टाकायची नाही. होडीतून हात-पाय बाहेर लोंबकळवायचे नाहीत. एकाच जागी रोज जाऊन बसायचं नाही, कारण मगर तुमची दिनचर्या बघत असते. सप्टेंबर ते एप्रिल या गरम महिन्यांत ती जास्त चळवळी असते आणि पहाटे, संध्याकाळी, रात्री धोका अधिक असतो. पाटी नाही म्हणजे मगर नाही, असंही समजू नका.

गणपती विसर्जनाबद्दल मुद्दाम लिहितो. उत्तरेतल्या गावांत आपली दहा-बारा कुटुंबं जमतात, शाडूची मूर्ती असते, आणि कुणीतरी म्हणतं, ‘जवळच नदी आहे, तिथेच जाऊ.’ संध्याकाळची वेळ, सप्टेंबरच्या आसपासचा महिना, कंबरभर पाण्यात उतरलेली माणसं, काठावर मुलं. याहून वाईट योग जुळणार नाही. आम्ही मोठ्या टबात, अंगणात विसर्जन करतो. मूर्ती विरघळायला रात्र जाते आणि ती माती सकाळी मुलं झाडांना घालतात. नदीवर जाण्यात जे मन भरून येतं ते टबापाशी येत नाही, हे खरं आहे. तरी टबच.

समुद्र

नोव्हेंबर ते मे हा उत्तर क्वीन्सलंडचा डंखाचा मोसम, नॉर्दर्न टेरिटरीत तो महिनाभर आधीच सुरू होतो. बॉक्स जेलीफिशचे तंतू पाण्यात जवळजवळ दिसत नाहीत आणि मोठा डंख काही मिनिटांत हृदय बंद पाडू शकतो. इरुकांजी नावाची जेलीफिश तर नखाएवढी. तिचा डंख आधी किरकोळ वाटतो आणि अर्ध्या तासाने कंबर-पाठीत असह्य कळा, उलट्या, घाम आणि रक्तदाबाचा उसळा येतो. १९६० च्या दशकात केर्न्सचे डॉक्टर जॅक बार्न्स यांनी या दुखण्यामागची जेलीफिश शोधली, तीही स्वतःला डंख करून घेऊन.

या महिन्यांत पोहायचं तर जाळी लावलेल्या भागात, लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधे आणि अंगभर घट्ट लायक्राचा पोशाख घालूनच. इरुकांजी जाळीतून आत येऊ शकते, म्हणून पोशाख जाळीतही हवा. डंख झाला तर माणसाला बाहेर काढा, ००० ला फोन करा आणि डंखावर किमान ३० सेकंद व्हिनेगर ओता. चोळू नका. गोड्या पाण्याने धुवू नका, त्याने त्वचेला चिकटलेल्या, न फुटलेल्या डंखपेशी फुटून आणखी विष सोडतात. श्वास थांबला असेल तर छाती दाबणं आणि कृत्रिम श्वास लगेच सुरू करायचा. किनाऱ्यावरच्या खांबांवर व्हिनेगरच्या बाटल्या ठेवलेल्या असतात, तरी एक आपल्या पिशवीत असू द्या.

दक्षिणेकडच्या किनाऱ्यांवर निळ्या फुग्याची ब्लूबॉटल भेटते. तिला व्हिनेगर नको. तंतू काढा, समुद्राच्या पाण्याने धुवा आणि सोसेल इतक्या गरम, साधारण ४५ अंशांच्या पाण्यात २० मिनिटं तो भाग बुडवा.

मुलांना शंख-शिंपले वेचू द्यायचे का? रिकामे शिंपले जरूर. शंकूसारखा सुंदर नक्षीचा शंख मात्र नाही. आत कोन स्नेल ही गोगलगाय जिवंत असली तर ती विषारी दात मारते. खडकांतल्या डबक्यात निळी वलयं चमकणारा बोटभर ऑक्टोपस दिसला तर हात मागे घ्या, त्याच्या विषाने श्वास थांबतो आणि त्यावर प्रतिविष नाही. या दोघांच्या दंशाला सापासारखीच पट्टी आणि अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंत श्वास देत राहणं, एवढंच हातात असतं.

वटवाघळं, पक्षी आणि रस्ता

आंब्याखाली पडलेलं वटवाघूळ मुलं कळवळून उचलायला जातात. उचलू देऊ नका. इथल्या वटवाघळांत रेबीजच्या जवळचा लिसाव्हायरस असतो, १९९६ मध्ये तो पहिल्यांदा सापडला. ओरखडा उठला तर साबण-पाण्याने किमान १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जाऊन लस घ्या.

मिशन बीच आणि डेंट्रीच्या जंगलात माणसाएवढा उंच कॅसोवरी पक्षी भेटतो. त्याच्या पायाला कट्यारीसारखं नख असतं. पळायचं नाही. पाठपिशवी पुढे धरून, एखादं झाड मधे ठेवून मागे सरकायचं. के’गारी (पूर्वीचं फ्रेझर) बेटावर डिंगो म्हणजे इथले जंगली कुत्रे आहेत, तिथे मुलं हाताच्या अंतरावरच हवीत. या दोघांना खायला घालणं कायद्याने गुन्हा आहे. भुकेल्या जीवाला घास द्यावा हे आपल्या मनात खोल आहे, पण इथे माणसाच्या हातून खाल्लेला डिंगो माणसांवर धावून जायला लागतो आणि शेवटी त्यालाच मारावं लागतं.

तिन्हीसांजेला गावाबाहेर गाडी चालवू नका, कांगारू त्या वेळी रस्त्यावर येतात. आलाच तर सरळ रेषेत ब्रेक दाबा, गाडी वळवू नका. वळवलेली गाडी झाडावर जाते.

सुट्टीत गावी गेल्यावर

ही पट्टी तुमच्या हातात बसली की ती मायदेशीही वापरावीशी वाटेल. तिथे थांबा. घोणस आणि फुरशाचं विष चावलेल्या जागेचं मांस कुजवतं, आणि दाबून धरलं तर तिथलं नुकसान वाढू शकतं. कुठला साप चावला हे सहसा कळत नाही. म्हणून गावी दंश झाला तर पाय फळीला सैलसर बांधून स्थिर ठेवा, अंगठी, पैंजण, घड्याळ लगेच काढा कारण सूज येणार आहे, १०८ ला फोन लावा आणि प्रतिविष असलेलं रुग्णालय गाठा. आमच्या बॅगेतली पट्टी गावी जाताना ऑस्ट्रेलियातल्या घरीच राहते.